तीस दिवस आणि एक वाक्य

(दृश्य : काचेचा फलक. आत टाचलेले कागद. पंख्याच्या वाऱ्यानं हलणारी एका कागदाची कड.)

निवेदन :

हा फलक आहे पुण्यातल्या एका विवाह नोंदणी कार्यालयातला. कागदांवरची नावं आम्ही धूसर केली आहेत. भिंतीवर मात्र ती स्वच्छ वाचता येतात. नाव, वय, व्यवसाय, राहण्याचा पत्ता. येणारा-जाणारा कुणीही थांबून वाचू शकतो.

यातला एक कागद आमच्या या जोडप्याचा. दोघं वेगळ्या धर्मांचे. नोटीस देऊन आज तीस दिवस उलटले आहेत. विशेष विवाह कायदा, १९५४. तो सांगतो, लग्न करायचं तर आधी नोटीस द्या. दोघांपैकी एक जण तरी त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेला हवा. मग नोटीस फलकावर लागते आणि तीस दिवस वाट बघायची.

(दृश्य : जिना. पायऱ्यांवर बसलेली माणसं, मांडीवर फायली.)

लोक याला ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात. पण इथे ना कोर्ट आहे, ना न्यायाधीश. लग्न लावणार आहेत विवाह अधिकारी, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या मॅडम. आपल्या फ्लॅटची खरेदीखतं ज्या विभागात नोंदवली जातात, तोच हा विभाग.

या टेबलापर्यंत यायला आपल्या समाजाला फार वेळ लागला. १८७२ साली इंग्रजांच्या राज्यात असा पहिला कायदा झाला, तेव्हा लग्न करणाऱ्याला लिहून द्यावं लागे, की मी हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही. लग्नासाठी आधी धर्म नाकारायचा! पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भटजीशिवाय सत्यशोधक विवाह लावला. त्यात वधू-वर आपल्या तोंडानं एकमेकांना वचन देत. कायद्याला मात्र पन्नास वर्षं लागली. १९२३ च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांना आपसात लग्न करताना धर्म नाकारण्याची अट उरली नाही. आणि १ जानेवारी १९५५ पासून आजचा कायदा लागू झाला. आता कुणीही कुणाशी लग्न करावं, आपापला धर्म ठेवून.

(दृश्य : टेबल. मोठी नोंदवही. ओळखपत्रांच्या छायाप्रती. मुलीच्या हातावरची मेंदी.)

तीन साक्षीदार लागतात. मुलाचा मित्र, मुलीची मैत्रीण, आणि ही मुलीची आत्या. सकाळी पहिल्या एसटीनं आली आहे. पिशवीत दोन हार आहेत आणि पेढ्यांचा एक पुडा.

मॅडम आधी विचारतात, आक्षेप आला आहे का? लिपिक मान हलवतात : नाही.

आक्षेप म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. घरच्यांना पसंत नाही, हा आक्षेप नव्हे. जात वेगळी, धर्म वेगळा, हाही नव्हे. आधीचा जोडीदार हयात आहे, मुलगा एकवीसचा किंवा मुलगी अठराची झालेली नाही, संमती देण्याइतकी मनाची स्थिती नाही, किंवा दोघं निषिद्ध नात्यातले आहेत, एवढ्याच कारणांची दखल घेता येते. पण ज्याला त्रासच द्यायचा आहे, तो आक्षेप लिहीत बसत नाही. तो फलकावरचा पत्ता लिहून घेतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं, की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नये. हा फलक अजून भिंतीवर आहे.

(दृश्य : घोषणापत्रावर सह्या. आत्या चष्मा शोधते.)

आधी घोषणापत्र. त्यावर दोघांच्या सह्या, मग साक्षीदारांच्या. आत्या सही करते ती सावकाश, पूर्ण नावानं, शाळेत शिकवल्यासारखी.

आता उभं राहायचं.

कायद्याला इथे मंत्र लागत नाहीत, मुहूर्त लागत नाही, कन्यादान तर नाहीच. कुणी कुणाला देत नाही. हवे असतील ते विधी करा, कायद्याची ना नाही. पण एक वाक्य उच्चारल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. ते दोघांनी एकमेकांना म्हणायचं, अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांसमोर, दोघांना कळेल अशा कोणत्याही भाषेत.

यांनी मराठी निवडली.

(दृश्य : मुलीचा चेहरा. मूळ आवाज.)

“मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.”

मुलाचं वाक्य पहिल्यांदा नीट ऐकूच आलं नाही. मॅडम म्हणाल्या, “मोठ्यानं म्हणा. साक्षीदारांना ऐकू जायला हवं.” त्यानं घसा खाकरला. पुन्हा म्हटलं.

(दृश्य : हार. आत्याचा चेहरा. सहा सेकंद निवेदन नाही.)

प्रमाणपत्राच्या वहीत सह्या झाल्या. मुलीनं आधी नावाची स्पेलिंग तपासली, मग पत्त्याची. या कायद्यानं लग्न केल्यावर वारसाहक्काचे नियम बदलू शकतात, ते पुढे वकिलाकडून समजून घेतील. दोघं आठवड्याभरात दुसऱ्या शहरात राहायला जाणार आहेत.

(दृश्य : पुन्हा फलक. शिपाई कुलूप उघडतात.)

जाताना मुलगी फलकापाशी थांबली. तीस दिवस लागलेला तो कागद तिला हवा होता.

शिपाई म्हणाले, “ताई, तो देता येत नाही. दप्तराला लावायचा असतो.”

मग तिनं मोबाइल काढला, दोन्ही नावं नीट येतील असा धरला, आणि त्याचा फोटो घेतला.