एचआयव्ही आणि विसरायला होणं: तुम्हाला काय वाटतं, चाचणी काय सांगते

नमस्कार. एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, गोळ्या घ्यायला गेलं की काउन्सेलर डबी उघडून उरलेल्या गोळ्या मोजतात, वजन होतं, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट पाहिला जातो. "काही त्रास?" असं विचारलं की बहुतेक जण ताप, खोकला, अंगावर पुरळ एवढंच सांगतात. "हल्ली लक्षात राहत नाही", "बोलता बोलता शब्दच सापडत नाही" हे मात्र तोंडातून निघत नाही. हे सांगायचं असतं, हे कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज त्याबद्दल.

आधी एक गोष्ट. एचआयव्ही मेंदूपर्यंत लवकर पोहोचतो, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच. तो चेतापेशींवर थेट हल्ला करत नाही. मेंदूत रक्षणाचं काम करणाऱ्या पेशी असतात, त्यांच्यात तो ठाण मांडतो. त्यामुळे आतल्या आत सूज राहते आणि तिचा त्रास चेतापेशींना होतो. परिणाम दिसतो तो बहुधा विचारांच्या वेगावर, लक्ष देण्यावर, एका वेळी दोन कामं सांभाळण्यावर. औषधं नव्हती तेव्हा यातून गंभीर स्मृतिभ्रंश व्हायचा. आपल्याकडे सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाली. जे नियमित गोळ्या घेतात त्यांच्यात तो प्रकार आता फार क्वचित दिसतो.

सौम्य त्रासाचं काय? अमेरिकेत 1,555 एचआयव्हीबाधितांच्या स्मरणशक्तीची, लक्षाची आणि विचारांच्या वेगाची सविस्तर तपासणी झाली, ती 2010 साली प्रसिद्ध झाली. त्यात 52 टक्के लोक चाचण्यांमध्ये कमी पडले. आकडा ऐकून घाबरू नका. गंभीर स्मृतिभ्रंश फक्त 2 टक्क्यांना होता, आणि 33 टक्के जण चाचणीत कमी पडूनही त्यांना रोजच्या व्यवहारात काहीच अडचण नव्हती.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न घेतला. ज्यांचा विषाणू औषधांनी पूर्ण दबलेला आहे अशा लोकांना त्यांनी तीन साध्या गोष्टी विचारल्या. वारंवार विसरायला होतं का, अगदी ताज्या गोष्टीसुद्धा? विचार करायला, काही ठरवायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो का? गप्पांमध्ये, वाचनात, सिनेमात लक्ष टिकत नाही का? मग चाचण्या घेतल्या. तक्रार असलेल्यांपैकी 84 टक्के जण कमी पडले. आणि ज्यांची काहीच तक्रार नव्हती, त्यांच्यातलेही 64 टक्के!

म्हणजे तक्रार आणि चाचणी यांचं जुळत नाही. या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. काहींचा वेग खरोखर कमी झालेला असतो, पण तो इतका हळूहळू होतो की त्यांना स्वतःला कळत नाही. काहींची चाचणी चांगली येते, तरी आपलं डोकं चालत नाही असं त्यांना मनापासून वाटतं. अशा तक्रारीमागे अनेकदा नैराश्य असतं, काळजी असते, मोडलेली झोप असते. अहो, आजार घरात लपवून, गोळ्यांची डबी कपाटात कपड्यांखाली ठेवून जगणाऱ्या माणसाचं अर्धं लक्ष त्या लपवण्यातच जातं! म्हणून "चाचणी नॉर्मल आहे, जा घरी" हे उत्तर चुकीचं आहे. ती तक्रार खरी आहे, तिचं कारण दुसरीकडे असेल आणि त्यावर उपचार आहेत.

आता चाचणीचीही बाजू बघू. एक छोटी चाचणी बरीच वापरली जाते. सुरुवातीला चार शब्द सांगतात, लक्षात ठेवायचे. मग अंगठा आणि तर्जनी जमेल तितक्या भरभर जुळवायची. नंतर हाताची मूठ टेबलावर, मग तळवा पालथा, मग हात करंगळीच्या बाजूवर उभा, हा क्रम भराभर. शेवटी ते चार शब्द परत विचारतात. बारापैकी गुण, दहा किंवा कमी आले तर पुढची तपासणी. सौम्य त्रास यातून निसटू शकतो.

सविस्तर चाचण्यांची अडचण वेगळी आहे. त्या मुळात इंग्रजी बोलणाऱ्या, शिकलेल्या लोकांसाठी तयार झाल्या. सातवीत शाळा सुटलेल्या, घरी मराठी आणि कामावर हिंदी बोलणाऱ्या बाईला तीच फूटपट्टी कशी लावायची? मराठी-हिंदी दोन्ही बोलण्याचा अशा चाचण्यांवर काय परिणाम होतो, यावर 2012 साली संशोधन प्रसिद्ध झालं, आणि अशा कामाची फार गरज आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानेही 2023 साली स्पष्ट केलं की नुसते गुण कमी आले म्हणून मेंदूला इजा झाली असं ठरवू नये. जुन्या निकषांनी पाहिलं तर पूर्ण निरोगी माणसांतलेही जवळजवळ 20 टक्के "कमी" ठरू शकतात.

मग डॉक्टरांना सांगायचं कसं? "विसरायला होतं" एवढं सांगून थांबू नका. घडलेला प्रसंग सांगा. गॅस चालू राहिला, दुकानातला हिशोब दोनदा चुकला, नेहमीच्या स्टॉपवर उतरायचं राहिलं, आणि हे कधीपासून. गोळी घ्यायची विसरत असाल तर ते आधी सांगा, कोणी रागावलं तरी. झोप, दारू, मनाची अवस्था, सगळं सांगा. थायरॉइड आणि बी-12 तपासायचं का, ते विचारा. एचआयव्हीच्या औषधांपैकी पूर्वीच्या एफाविरेन्झने चक्कर यायची आणि भडक स्वप्नं पडायची, डोल्युटेग्रॅव्हिरने काहींची झोप उडते. पण गोळी मनाने बंद करायची नाही, अजिबात नाही.

डॉक्टर म्हणतील, घरच्या कुणाला घेऊन या. घरात माहीत नसेल तर तसं सरळ सांगा. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर तुमच्या संमतीशिवाय कुणाला कळवता येत नाही, 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा तुमच्या बाजूने आहे. नुसत्या एचआयव्हीमुळे कामावरून काढणंही त्याच कायद्याने भेदभाव ठरतो. बोलायला कुणीच नसेल तर 1097 हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे.

आणि हे वेगळं लक्षात ठेवा. काही दिवसांतच गोंधळल्यासारखं व्हायला लागलं, सोबत ताप, जोराची डोकेदुखी, फिट किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडणं असं काही असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.