पाण्याला उतार मिळत नाही तेव्हा

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. तेव्हा समुद्राच्या पुरावर इथं बोलायचं काय कारण, असं तुमच्या मनात आलं असेल. पण पूर आपल्याला नवा नाही. उजनीतून विसर्ग वाढला की पंढरपूरच्या वाळवंटात पाणी कधी चढेल, याचा अंदाज आपण बांधतो. भीमेचं पाणी वरून येतं आणि खाली निघून जातं. किनाऱ्यावरच्या सखल गावाला हे ‘खाली’च नसतं.

तिथं दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. मुंबई-रायगडकडे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. म्हणजे काही तास समुद्र गावातल्या गटारांपेक्षा उंच उभा असतो. अशा वेळी पाऊस कोसळला तर ते पाणी जाणार कुठं? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे सरासरीनं अख्ख्या वर्षातही एवढा पडत नाही. त्या दुपारी भरती होती, आणि मिठी नदीचं पाणी समुद्रात उतरेना. लाटा गावात शिरल्या म्हणजेच समुद्राचा पूर, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा समुद्र फक्त दार अडवून बसतो.

वादळाचं गणित वेगळं. हवेचा दाब एक मिलिबारनं उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर वर येते. म्हणजे दाब 50 मिलिबारनं उतरला तरी फुगवटा जेमतेम अर्ध्या मीटरचा. खरा जोर वाऱ्याचा असतो. तो पाणी किनाऱ्याकडे रेटतो, आणि समुद्र उथळ असेल तर ते तिथंच साचत चढत जातं. बंगालच्या उपसागराचं टोक तसंच आहे, उथळ आणि निमुळतं. नोव्हेंबर 1970 मध्ये आजच्या बांगलादेशात वादळाची लाट भरतीच्या वेळी आली आणि किमान तीन लाख माणसं गेली. आपल्याकडे 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. तिथं मुख्य नुकसान वाऱ्यानं केलं, नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. त्यामुळे ‘आपला समुद्र सोसणारा आहे’ असं कोकणात कुणी म्हणतं, तेव्हा मला धास्ती वाटते.

कारण पायाच वर सरकतोय. 1901 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली. 2006 ते 2018 मधला वेग वर्षाला 3.7 मिलिमीटर. आकडा किरकोळ दिसतो, पण पूर्वी क्वचित बांधाला टेकणारी भरती आता वरचेवर टेकू लागते. काही ठिकाणी जमीनही खचते. जाकार्तात भूजल इतकं उपसलं की शहराचे काही भाग समुद्रपातळीखाली गेले. बोअरवर बोअर मारणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगतो.

आता रायगडच्या खारभूमीकडे येऊ, माझ्या मते सगळा पेच तिथं दिसतो. खाडीकाठी बांध घालून लोकांनी भातशेती उभी केली. बांधात उघाडी असते. ओहोटीला तिचं झडप उघडून पावसाचं पाणी बाहेर सोडते, भरतीला मिटून खारं पाणी अडवते. बांधाची देखभाल हुकली, खेकड्यांनी तो पोखरला, की उधाणात खांड, म्हणजे भगदाड, पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं. नदीचा पूर गाळ तरी ठेवून जातो. हा समुद्राचा पूर मीठ ठेवतो. कालव्याखाली क्षार साचून चोपण झालेली जमीन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल, तिची आठवण ठेवा. खारभूमीतलं मीठ धुऊन निघायला काही चांगले पावसाळे लागतात, तेही बांध पुन्हा बांधला तरच.

तो बांधला नाही तर खाऱ्या पाण्याबरोबर बी येतं आणि शेतात कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, उगवतं. ते लाटांचा जोर मोडतं, शेजारच्या गावाला आडोसा देतं, आणि कायद्यानं त्याला संरक्षण आहे. म्हणून शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरची झाडं तोडून पुन्हा भात लावता येत नाही. कांदळवन राहावं, याच मताचा मी आहे. मात्र ज्याचं शेत आडोसा म्हणून वापरलं जातंय, त्याला त्या जमिनीचा खंड, म्हणजे भाडं, सरकारनं दरवर्षी द्यावा. तुटलेल्या बांधाच्या पंचनाम्यात एकदाच मिळणारी मदत त्यासाठी पुरेशी नाही.