चौदा सुतांचं कपाट

मंडळी, पहिल्या रांगेतून एक केज नट, म्हणजे चौकोनी भोकात बसणारा पिंजऱ्यातला नट, फिरवतोय. बघा आणि मागं द्या. कडा जपून धरा, माझ्या अंगठ्यावरची खूण असल्याच एका नटाची आहे.

विषय दिलाय सर्व्हर रॅकच्या, म्हणजे सर्व्हर बसवायच्या कपाटाच्या, मापांचा. पण आधी सांगा, गावाकडं माळवदाचं घर किती जणांचं? बरेच हात आले. म्हणजे माझं काम सोपं झालं. आपण घर चौरस फुटात सांगत नव्हतो. पाच खणाचं, सात खणाचं म्हणायचो. रॅकचंही तसंच. त्याचा खण म्हणजे एक 'यू', उंची पावणेदोन इंच. माळवदाचे खण आडवे, हे उभे, एवढाच फरक. असे 42 रचले की साडेत्र्याहत्तर इंच. ही चौकट मुळात टेलिफोन एक्सचेंजच्या यंत्रांसाठी, 1920 च्या दशकातली. सर्व्हर तिच्यात फार उशिरा आलेला भाडेकरू.

आता माझी फजिती. लातूरच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडं रॅक करायला टाकला. ड्रॉइंग दिलं मिलिमीटरमध्ये, एक खण 44.45. मला वाटलं, इंजिनिअरला हेच शोभतं! त्याचा फोन आला, "साहेब, येवढं बारीक कोण बघायलंय? पंचेचाळीस धरू का?" मी घाईत होतो, धर म्हणालो.

रॅक आला. पहिला नेटवर्क स्विच बसला, दुसरा बसला. मी त्याला चहा पाजला. मग दहा यूचं चेसिस, म्हणजे सर्व्हरची मोठी पेटी, उचललं चौघांनी. मे महिना, लाइट गेलेली. खालचे स्क्रू लागले, वरच्यांना भोकच सापडेना. खणामागं अर्ध्या मिलिमीटरची चूक, नऊ खण चढेपर्यंत जवळजवळ पाच मिलिमीटर झाली होती. बेचाळिसाव्यापर्यंत गेलो असतो तर अर्धा खण गेला असता.

रॅक परत नेला, तर शेडमध्ये त्याचे वडील बाजेवर बसलेले. जुने सुतार. म्हणाले, "इंचात सांग की." मी म्हणालो, एका खणात खांबावरच्या भोकांमधली अंतरं पाच अष्टमांश इंच, पाच अष्टमांश, अर्धा. म्हातारा हसला. "पाच सूत, पाच सूत, चार सूत. मग चौदा सूत म्हण की!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. माझं एवढंच म्हणणं आहे. हे माप सुतातच जन्मलंय, मिलिमीटर नंतरचे. केज नटाचं चौकोनी भोक? तीन सूत. शेजारी घासू नयेत म्हणून पॅनेल, म्हणजे यंत्राची पुढची पाटी, खणापेक्षा पाव सूत बुटकं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात, म्हणजे दोन.

तर भरभर. खण कुठं संपतो? जिथं दोन भोकं सगळ्यात जवळ, त्यांच्या बरोबर मधे. एकोणीस इंच म्हणजे दोन्ही बाजूंच्या, स्क्रू लागतात त्या कानांसकट पॅनेलची रुंदी, 482.6 मिलिमीटर, दोन खांबांमधली मोकळी जागा 450 च. म्हणून 'एकोणीस इंची आहे' म्हणून एकोणीस इंच रुंद पेटी आणू नका, अडकेल. पुढून मागपर्यंतच्या खोलीला मात्र असं एकच माप नाही. कपाट हजार मिलिमीटरचं मिळतं, बाराशेचंही. आधी सर्व्हर मोजा, तो सरकवायचे रेल किती लांबतात बघा, मागं वायरींना जागा सोडा. यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर चालणारं बॅटरीचं जड खोकं, तळाला, नाहीतर कपाट तोंडावर येईल. रिकाम्या खणांना पट्ट्या लावा. नाहीतर मागची गरम हवा पुढं येते आणि आपल्या उन्हाळ्यात एसी उगीच राबतो.

बाकीचं चहाला बोलू. आणि तो केज नट कुणाच्या खिशात गेला? मोजून आणलेत, एक कमी पडेल.