टॅकोमाचं इंजिन : ओढ कुठल्या आरपीएमला?

[दृश्य : कॅलिफोर्नियातला मातीचा चढ. मागे सामान लादलेली जुनी टॅकोमा सावकाश वर येते आहे.]

निवेदन :

१९९५ साली अमेरिकेत टोयोटाची टॅकोमा ही पिकअप गाडी आली तेव्हा गिऱ्हाइकापुढे तीन इंजिनं होती, तिन्ही पेट्रोलवरची. २.४ लिटर, २.७ लिटर आणि ३.४ लिटरचं व्ही-सिक्स, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकारात सहा सिलिंडर. डिझेल टॅकोमा अमेरिकेत तेव्हाही नव्हती आणि नंतरही आली नाही.

नाव झालं ते व्ही-सिक्सचं. १९० हॉर्सपॉवर ऐकून आज कोणी वळूनही बघणार नाही. पण त्याचा सगळा टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, २९८ न्यूटन-मीटर, मिळायचा ३,६०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढ्या फेऱ्या मारू लागलं की. हा ३,६०० चा आकडा ध्यानात ठेवा. दर ९० हजार मैलांनी, म्हणजे जवळपास दीड लाख किलोमीटरनंतर, टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, बदलावा लागे. १९० हॉर्सपॉवरहून जास्त ताकद हवी असणाऱ्या हौशी मंडळींना टोयोटाच्याच टीआरडी या रेसिंग विभागाचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप, बसवून घेता येई.

[दृश्य : २००५ ची टॅकोमा, बॉनेट उघडं.]

दुसऱ्या पिढीत २.४ गेलं. व्ही-सिक्स ४ लिटरचं झालं आणि बेल्टच्या जागी चेन आली. २३६ हॉर्सपॉवर, ३६१ न्यूटन-मीटर, ४,००० आरपीएमला. टॅकोमाच्या सगळ्या इंजिनांत मला हेच सरळ वाटतं : मोठं सिलिंडर, साधी रचना, खादाडपणा उघड.

त्याच्या शेजारी २.७ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन होतं. त्याच घराण्यातलं इंजिन आपल्याकडे पेट्रोल इनोव्हा क्रिस्टा आणि पेट्रोल फॉर्च्युनरमध्ये बसलं. अमेरिकेत ते २००५ ला आलं आणि २०२३ ला १५९ हॉर्सपॉवरवर निवृत्त झालं.

[दृश्य : महामार्गावर २०१६ ची टॅकोमा. आरपीएमचा काटा वर-खाली.]

तिसऱ्या पिढीत गाडी अडखळली. कागदावर पाहाल तर प्रगतीच : नवं ३.५ लिटर व्ही-सिक्स, २७८ हॉर्सपॉवर. मायलेजसाठी त्यात ॲटकिन्सन पद्धत आणली. हलक्या लोडवर आत घेण्याचा व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, आलेली थोडी हवा परत बाहेर जाते आणि इंधन वाचतं. पण टॉर्क ३५९ न्यूटन-मीटर, आधीपेक्षा दोनने कमीच, आणि तो मिळायचा ४,६०० आरपीएमला. एवढ्या वर कोण रोज चालवतो? जरा चढ लागला की सहा गिअरचा ऑटोमॅटिक खालचा गिअर टाकायचा, लगेच वरचा, पुन्हा खालचा. मालकांची कुरकूर या गिअरबदलाची होती. मला विचाराल तर गिअरबॉक्स बिचारा इंजिनाची ओढ शोधत होता.

[दृश्य : २०२४ ची टॅकोमा, भरलेला ट्रेलर ओढताना.]

२०२४ च्या चौथ्या पिढीत व्ही-सिक्स बंद. परत २.४ लिटर, परत चार सिलिंडर. १९९५ मध्ये एवढ्याच लिटरमधून १४२ हॉर्सपॉवर निघत होती. आता जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोमुळे वरच्या मॉडेलांत २७८, आणि टॉर्क ४३० न्यूटन-मीटर, तोही १,७०० आरपीएमला. व्ही-सिक्सच्या आवाजासाठी हळहळणारे खूप आहेत, आणि त्यांचं चुकतंय असं नाही. पण लादलेली गाडी चढावर जागची हलवताना हेच इंजिन उजवं.

त्यावर हायब्रिड : इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ४८ हॉर्सपॉवरची विजेची मोटर. एकूण ३२६ हॉर्सपॉवर, ६३० न्यूटन-मीटर.

क्लच दाबायची हौस असेल, तर सहा गिअरचा मॅन्युअल टोयोटाने ठेवला आहे. तो मिळतो साध्या टर्बोबरोबरच, २७० हॉर्सपॉवर आणि ४२० न्यूटन-मीटरवर. हायब्रिड घ्यायची, तर आठ गिअरचा ऑटोमॅटिकच घ्यावा लागतो.