आयतवारी थंय कित्याक जातास?

(मालवणातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. कार्यवाहांनी मला विषय दिला तो असा: 'ख्रिस्ती लोक एकत्र जमून उपासना का करतात, गातात का?' मी धर्मपंडित नाही. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि जवळजवळ तेवढीच वर्षं आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवली. तेव्हा आज सांगेन ते पेटीच्या मागे बसून जे दिसलं ते, आणि थोडंफार वाचलेलं.

हा प्रश्न मला नीट विचारला तो आमच्या शेजाऱ्यांनी. रापणीतले, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांतले, जुने गडी. एका रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून निघालो होतो, ते ओट्यावर फाटलेलं जाळं सांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तरानू, दर आयतवारी थंय कित्याक जातास? घरातल्या देवाक ऐकाक येना नाय काय?"

मी हसलो आणि सटकलो. उत्तर नव्हतंच माझ्याकडे. त्या दिवशी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, संपेपर्यंत हात पेटीवर आणि डोकं त्या ओट्यावर.

प्रश्न खोटा नाही हो. खुद्द येशूनंच सांगितलंय, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लावून घे. बायबलात, मत्तयानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या सहाव्या अध्यायात आहे. लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांची त्याला चीड होती. मग आम्ही दारं सताड उघडून, घंटा बडवून काय करतो? पण त्याच मत्तयात, अठराव्या अध्यायात, तो म्हणतो की माझ्या नावानं दोघं-तिघं जमतील तिथं मी त्यांच्यात असतो. शब्बाथाला सभास्थानात जायचा त्याचा परिपाठच होता, असं दुसरा चरित्रकार लूक सांगतो. आणि शेवटच्या भोजनानंतर, पकडला जाण्याआधी, शिष्यांबरोबर त्यानं गीत गायलं आणि मग ते सगळे जैतुनाच्या डोंगराकडे निघाले. वल्हांडणाच्या सणाला स्तोत्रं म्हणायची यहुदी लोकांची रीतच होती, ती त्यानं पाळली, एवढंच म्हणता येईल. पण समोर काय वाढून ठेवलंय ते माहीत असताना पाळली. तो आवाज कसा लागला असेल, हा पेटीवाल्याला पडणारा प्रश्न आहे. बायबल त्याबद्दल काही बोलत नाही.

आता रविवारच का? आज आपल्याला वाटतं, सुट्टी असते म्हणून. सुरुवातीला ती नव्हती. यहुद्यांचा विसाव्याचा दिवस शनिवार. रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस, कामाचा. येशू मेलेल्यांतून उठला तो त्या पहाटे, अशी आमची श्रद्धा, म्हणून तो दिवस धरला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवारची सुट्टी जाहीर केली ती ३२१ साली. म्हणजे जवळजवळ तीनशे वर्षं ही माणसं कामाच्या दिवशी जमत होती. त्यांत गुलाम होते, मजूर होते. मालक उठायच्या आत परतायला हवं.

याचा एक पुरावा तर त्यांच्या विरोधकानंच लिहून ठेवलाय. इ.स. ११२च्या सुमारास धाकटा प्लिनी हा बिथिनियाचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका प्रांताचा, सुभेदार होता. त्यानं सम्राट ट्राजनला पत्र लिहिलं की या ख्रिस्ती लोकांचं करू तरी काय? मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करूनही त्यानं चौकशी केली होती. हाती लागलं ते एवढंच: हे लोक ठरल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीनं गीत म्हणतात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात. सरकारी अहवालात सापडलेलं आमचं हे पहिलं भजन.

'आळीपाळीनं' हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. बुवा ओळ टाकतो, मागचे उचलतात, पखवाज बोलतो. डबलबारीला, दोन बुवांच्या भजनी सामन्याला, रात्र रात्र जागलेली माणसं इथे समोर बसली आहेत. बुवा एकटाच गात राहिला तर त्याला भजन म्हणाल का तुम्ही?

सुरुवातीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल, त्यानं इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात, पाचव्या अध्यायात, एक वाक्य आहे. मी ते कितीतरी वर्षं वाचत होतो, पण लक्ष गेलं ते त्या ओट्यावरच्या प्रश्नानंतर. तो म्हणतो, स्तोत्रं आणि गीतं एकमेकांना म्हणून दाखवा, आणि मनात प्रभूला गा. आधी एकमेकांना! मी समजत होतो की गाणं सरळ वर जातं. पौलाच्या हिशेबात ते आडवंही जातं, बाकावरच्या शेजाऱ्याकडे. देव घरातलं ऐकतो, शेजाऱ्यांचं म्हणणं अगदी बरोबर. पण माझ्या घरातलं गाणं पलीकडच्या वाडीतल्या माणसाच्या कानावर कसं जाणार?

एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही. आमच्याकडच्या एका बाईंचा तरणा मुलगा गेला. त्या दर रविवारी येत, तिसऱ्या बाकावर बसत, पुस्तक उघडत आणि ओठ मिटून बसून राहत. असे सात-आठ महिने. कुणी त्यांना 'गा' म्हटलं नाही, म्हणूही नये. तेविसावं स्तोत्र, प्रभू माझा मेंढपाळ, काळोख्या दरीतून चालायचं ते. आम्ही म्हणत होतो, त्या बसून होत्या. त्या वेळी त्यांचा विश्वास किती शाबूत होता, मला ठाऊक नाही. त्यांच्या वाटणीचं तेवढे महिने बाकीचे म्हणत होते. पुढे त्या गायला लागल्या. एकदा धीर करून मी विचारलं, त्या दिवसांत गाणी ऐकून बरं वाटायचं का? म्हणाल्या, "बरं-बिरं काही नाही. तुम्ही फार रेंगाळत वाजवता, त्याचा राग यायचा. पण घरी बसले असते तर तोही आला नसता."

चौथ्या शतकात मिलान शहरात असंच काहीसं घडलं, मोठ्या प्रमाणावर. ३८६ साली राजदरबाराला तिथलं एक चर्च दुसऱ्या पंथाच्या हवाली करून हवं होतं. बिशप अँब्रोज आणि लोक आत ठाण मांडून बसले, बाहेर सैनिक. लोक कंटाळून, खचून जाऊ नयेत म्हणून तिथे सगळ्यांनी मिळून स्तोत्रं म्हणायची प्रथा सुरू झाली, असं त्या काळचा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यानं नोंदवलंय. हाच ऑगस्टीन पुढे कबूल करतो की कधी कधी मला अर्थापेक्षा चालच जास्त भावते, आणि तेव्हा मी पाप करतो असं वाटतं. पेटीवाले त्या ओळीपाशी जरा खाली बघतात.

आता आपल्याकडे येऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, १५७९ साली गोव्यात आला. माणसं पुराण ऐकायला जमतात, हे त्यानं पाहिलं. ख्रिस्ती झालेल्यांनाही जमून ऐकायला काहीतरी हवं, म्हणून त्यानं ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, सुमारे अकरा हजार ओव्या. १६१६ साली ते छापलं, पुढे १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा. 'भासांमाजि चोखळा भासा मराठी' म्हणणारा तो हाच. गंमत अशी की त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. मधे १६८४ साली पोर्तुगीज सरकारनं देशी भाषेवर बंदीचा हुकूम काढला तो वेगळाच. तरी ग्रंथ उरला, कारण लोकांनी हातानं उतरवून घेतला. १९०७ साली मंगळुरात जोसेफ साल्ढाणांनी तो पुन्हा छापला तो अशा हस्तलिखितांवरून. कपाटात ठेवायच्या पुस्तकासाठी कुणी अकरा हजार ओव्या उतरवत बसत नाही. ते चारचौघांत म्हणायचं पुस्तक होतं.

प्रॉटेस्टंट मंडळींचं ऋण तर आपल्या जिल्ह्यांच्या मातीतलं. नारायण वामन टिळक जन्मले १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि अभंग-कीर्तनाची घडी न मोडता ते ख्रिस्ताबद्दल गायला लागले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. आम्ही कॅथलिकही त्यांची गीतं बिनदिक्कत उचलली. कुणी हिशेब मागितला नाही.

आमच्याकडे मात्र मिस्सा बराच काळ लॅटिनमध्येच चालायची. माझी आजी अक्षरशत्रू. पाद्री वेदीकडे तोंड करून लॅटिन पुटपुटायचे, आजी मागे आपली जपमाळ ओढायची. एका छताखाली दोघं, आपापल्या कामात. ४ डिसेंबर १९६३ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या जागतिक सभेनं, उपासनेवरचा दस्तऐवज मंजूर केला. त्यात लोकांच्या सहभागावर भर होता: तो पूर्ण हवा, जाणीवपूर्वक हवा, सक्रिय हवा. लोकभाषेला दार उघडलं, हळूहळू मराठी मिस्सा आली, पाद्री लोकांकडे तोंड करून उभे राहिले. आम्हा पोरांना वाटलं, आजी खूश होईल. ती म्हणाली, "आता माळ कधी ओढू? मध्ये मध्ये जाब द्यावा लागतो!" वर्षभर कुरकुरली. मग तिनं सगळी गीतं पाठ केली, कडव्यांसकट, ऐकून ऐकून. वाचता न येणाऱ्या त्या बाईला बायबल जेवढं येत होतं ते गाण्यातून. तिची शिकवणी रविवारी व्हायची, आणि मे महिन्यात वाडीतल्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, लादीन म्हणायचो तेव्हा. लादीन म्हणजे जमून गायची प्रार्थना, शेवटी चणे वाटतात.

म्हणून आता एक तक्रार करतो, तुमची हरकत नसेल तर. अलीकडे मी एका चर्चमध्ये गेलो होतो, कुठल्या ते सोडा. पाच-सहा गाणारी पोरं, प्रत्येकाच्या हातात माइक, कीबोर्ड, मोठे स्पीकर. सुरेख गात होती, खोटं कशाला बोलू. आणि लोक? लोक मोबाइलवर शूटिंग करत होते. पट्टी एवढी चढी की साठीच्या माणसानं तोंड उघडायची सोय नाही. माझ्या आजीचा आवाज फाटका होता, पण त्या आवाजाला चर्चमध्ये जागा होती. लोकांनी ऐकत बसायचं असेल तर रेडिओ काय वाईट?

आणि गायलं म्हणजे झालं, असंही नाही. आमोस संदेष्टा फार कडक बोललाय. त्याच्या तोंडून देव म्हणतो की तुमच्या गीतांचा गोंगाट माझ्यापासून दूर न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीतल्या भाकर-द्राक्षारसाच्या जेवणाला, एक उपाशी राहायचा आणि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. पौल त्यांच्यावर उखडला. आपल्या इकडच्या चर्चमध्येही सणाचा मान कुठल्या जातीचा, यावरून भांडणं झालीच आहेत. एका सुरात गाणारी माणसं बाहेर पडून एका पंगतीला बसत नसतील, तर पेटी बंद केलेली बरी.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर जस्टिन नावाच्या लेखकानं रविवारच्या सभेचं वर्णन केलंय. वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. पुढे दोन गोष्टी येतात: जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती भाकर पाठवली जाते, आणि जमा झालेलं दान अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परके यांना जातं. कोण आलं नाही हे कळायला आधी बाकीच्यांनी यावं लागतं. आमच्याकडे कुणी लागोपाठ दोन रविवार दिसलं नाही तर तिसऱ्या दिवशी दारात कुणीतरी उभं असतं. काहींना त्याचा जाच वाटतो, तेही खरंच.

याची किंमत कळली २०२०मध्ये. कोरोनामुळे मार्चपासून चर्च बंद. मोबाइलवर मिस्सा लागायची, मी घरी पेटी काढून बसायचो. सूर जुळायचा, पण समोर भिंत. त्या पावसाळ्यात वाडीतला एक जण वारला. वीस माणसांची मर्यादा, सगळ्यांच्या तोंडावर मास्क, एकमेकांपासून लांब लांब उभे. कुणीतरी गीत सुरू केलं. पहिलं कडवं कसंबसं झालं, दुसऱ्याला जो तो दुसऱ्याच्या आवाजाची वाट बघत राहिला, आणि गाणं तिथेच थांबलं. पावसाचा आवाज तेवढा. छत्तीस वर्षांत मी गीत अर्ध्यावर थांबलेलं पाहिलं नव्हतं.

१६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. पहिला रविवार आला तो २२ तारखेचा, ख्रिस्तराजाच्या सणाचा. बाकावर खुणा करून माणसं लांब लांब बसवली होती. मी पहिली पट्टी दाबली, नेहमीपेक्षा दोन स्वर खाली. मास्कमधून कोण किती वर जाणार? तेच मयताचं गीत होतं. या खेपेला चारही कडवी झाली.

त्या दुपारी मी मुद्दाम शेजाऱ्यांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, इतक्या वर्षांचं उत्तर द्यायचंय. प्लिनी सांगितला, पौल सांगितला, न आलेल्यांना पाठवायची भाकर सांगितली. ते ऐकत होते, हातातली सुई चालूच. भाकरीपाशी मात्र थांबले. म्हणाले, "तां आमच्यातय आसा. आजारी गड्याचो वाटो घराक धाडूक व्हयोच." मग पुन्हा जाळ्यात मान घातली, आणि थोड्या वेळानं विचारलं, "लादीन कधी आसा ह्या वर्सा? चणे ठेवा माका. गेल्या खेपेक मीठ कमी होतां."