टाकीतली चेरी कोळंबी

श्रोतेहो, नमस्कार.

कोळंबी म्हटलं की आपल्याला आधी कालवण आठवतं. आज मी बोलणार आहे ती कोळंबी ताटात यायची नाही. ती जेमतेम इंचभर वाढते, रंगानं लालबुंद असते आणि सारा जन्म गोड्या पाण्यात काढते. हिला चेरी कोळंबी म्हणतात. मूळची ती चीन-तैवानकडच्या ओढ्यांतली. तिथं ती मातकट, पारदर्शकच दिसते. हा लाल रंग हौशी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणला आहे.

घरी पैदास करायची तर सुरुवात हिच्यापासूनच करा. शेवाळ खाण्यात तरबेज असलेली अमानो कोळंबीही दुकानात मिळते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला खारं पाणी लागतं, त्यामुळे साध्या टाकीत ती जगत नाहीत. चेरीची पिल्लं मात्र अंड्यातून निघतात तीच आईची इवलीशी प्रतिकृती होऊन.

वीस लिटरची टाकी पुरते. त्यात स्पंज फिल्टर आणि जावा मॉस या पाणवनस्पतीचा झुपका हवा. जोरानं पाणी ओढणारा फिल्टर नको, पिल्लं त्यात खेचली जातात. आणि कोळंबी लगेच आणू नका. टाकी महिनाभर तशीच चालू ठेवा. विष्ठेतून, कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू त्या काळात स्पंजवर वस्ती करतात. काचेवर, पानांवर बुळबुळीत थर धरतो. तो पुसू नका, पिल्लांचं खरं अन्न तेच.

मादीच्या डोक्यामागे पिवळसर डाग दिसला की समजायचं, गाबोळी तयार होते आहे. मग ती कात टाकते आणि टाकीतले सगळे नर वेड्यासारखे पोहू लागतात. एक-दोन दिवसांत वीस-तीस अंडी तिच्या पोटाखाली दिसतात. पुढचे तीन-चार आठवडे ती पोटाखालच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत असते. शेवटी अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात. तासन्‌तास बघत बसावं असं ते दृश्य आहे!

टाकलेली कात काढू नका. कोळंबी ती खाते आणि त्यातलं कॅल्शियम परत मिळवते. पाणी बदलायचं तर थोडं, हळूहळू. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरा. तांबं तिला घातक, म्हणून माशांची औषधं घालण्याआधी त्यावरचे घटक वाचा. आणि डासांचा फवारा! माझ्या घरी एका संध्याकाळी खोलीत फवारा मारला गेला आणि सकाळी सगळी टाकी गेली होती. त्यात अंड्यावरच्या चार माद्या होत्या. ती चूक अजून मनाला लागते.

आपल्याकडे मे महिना सर्वांत कठीण. पाणी तीस अंशांवर गेलं की त्यातला प्राणवायू कमी होतो. पाण्यावर वारा जाईल असा लहान पंखा लावा. वाफ होऊन घटलेलं पाणी भरताना आरओचं, म्हणजे क्षार काढलेलं, घाला, कारण क्षार खालीच उरलेले असतात.

पिल्लं निघाली की दोनेक मिलिमीटरची असतात आणि मॉसमध्ये दडतात. गेली म्हणून टाकी ढवळू नका. आठवडाभरानं, रात्री दिवे मालवून, मॉसवर टॉर्च धरा. एखादा ठिपका हलेल, मग शेजारचा.

नमस्कार.