चव्वेचाळीस हजार शंभर

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते हेडफोनमधल्या आवाजाबद्दल, म्हणजे फोनला जोडायच्या छोट्या डॅकबद्दल आणि अ‍ॅम्पबद्दल. फोनमध्ये गाणं असतं ते आकड्यांच्या रूपात. डॅक त्या आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करतो आणि अ‍ॅम्प त्या लहरींना हेडफोनचा पडदा हलवण्याइतकी ताकद देतो. डॅक रूपांतर करतो, अ‍ॅम्प ताकद देतो. पुन्हा सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे: डॅक रूपांतर करतो, अ‍ॅम्प ताकद देतो. आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा ताकदीच्या बाजूला. आणि लोक पैसे घालतात रूपांतरावर, खोक्यावरचे ३८४ आणि ७६८ किलोहर्ट्झचे आकडे बघून, म्हणजे सेकंदाला किती हजार नमुने ते सांगणारे.

म्हणून आधी एका आकड्याची गोष्ट. ४४,१००.

सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० नमुने असतात. नमुना म्हणजे त्या क्षणी लहर किती उंच आहे, त्याचं मोजमाप. आजही असंख्य गाणी याच दराने तुमच्या फोनवर येतात. पण हा असा अर्धवट आकडा का? सेकंदाला जितक्या कंपनांपर्यंत आवाज पकडायचा, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यावे लागतात, हे गणित. तरुण कानाला ऐकू येतं साधारण २०,००० कंपनांपर्यंत. म्हणजे ४०,००० नमुने, आणि वरचं नको ते गाळायला थोडी मोकळी जागा. मग ४२,००० चालले असते, ४५,०००ही चालले असते. हे वरचे शंभर आले कुठून?

ते आले टीव्हीतून. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात आवाजाचे आकडे करणं जमलं होतं, पण ते ठेवायचे कुठे हा प्रश्न होता. डावं आणि उजवं अशी दोन चॅनेल, १६ बिटांचा (म्हणजे १६ एक-शून्यांचा) नमुना, म्हणजे सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट. इतकं भराभर आणि तासभर सलग लिहून घेईल असं सोयीचं यंत्र एकच होतं, व्हिडिओ रेकॉर्डर. पण त्याला कळतं फक्त चित्र. मग आवाजाचंच चित्र केलं. एक असेल तिथे पांढरा ठिपका, शून्य असेल तिथे काळा. अशी टेप टीव्हीवर लावली तर पडद्यावर दिसायची काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची सळसळती जाळी, आणि त्या जाळीत अख्खा वाद्यवृंद साठवलेला!

आता कागद असेल तर लिहून घ्या. अमेरिका आणि जपानच्या टीव्हीत सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे साठ वेळा अर्धं चित्र. अशा एका फील्डमधल्या वापरता येण्याजोग्या रेषा २४५. एका रेषेवर बसवले प्रत्येक चॅनेलचे ३ नमुने. ६० गुणिले २४५ गुणिले ३. उत्तर ४४,१००. युरोपातला टीव्ही वेगळा, सेकंदाला ५० फील्ड, एकेका फील्डमध्ये वापरायच्या रेषा २९४. ५० गुणिले २९४ गुणिले ३. उत्तर पुन्हा ४४,१००! दोन्हीकडच्या यंत्रांवर बसणारा एकच आकडा सापडला होता. रंगीत टीव्हीत हे ६० फील्ड खरं तर ५९.९४ असतात, त्यामुळे काही यंत्रांवर दर ४४,०५६ निघायचा. तो मागे पडला. सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून सीडीचं मानक ठरवलं, १ ऑक्टोबर १९८२ला जपानमध्ये पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला, आणि टीव्हीच्या रेषांतून निघालेला आकडा घराघरांत गेला. पुढे कितीतरी वर्षं सीडीच्या कारखान्याकडे जाणारी मूळ प्रत अशाच व्हिडिओ कॅसेटवर जायची.

अजून एक. फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेअरमधला डॅक १६ नव्हे, १४ बिटांचाच होता. त्यांनी नमुन्यांचा दर चौपट करून त्याच्याकडून १६ बिटांच्या तोडीचं काम करून घेतलं. रूपांतराचं कोडं तेव्हाच बरंचसं सुटलं होतं. म्हणून म्हणतो, ऐकण्यासाठी ७६८च्या मागे लागू नका. तुम्ही आत्ता मला एफएमवर ऐकत असाल, तर माझा आवाज १५,००० कंपनांच्या वर जातच नाही. त्यानं तुमचं काही अडलंय का?

या गोष्टीचं एक शेपूट फोनमध्ये आहे. व्हिडिओच्या जगानं पुढे ४८,००० हा दर धरला, कारण सेकंदाला २४, २५ किंवा ३० चित्रं असोत, या तिन्हींनी त्याला पूर्ण भाग जातो. अँड्रॉइड फोन बऱ्याचदा सगळा आवाज ४८,०००वर नेऊन एकत्र करतो. म्हणजे ४४,१००च्या गाण्याचे दर १४७ नमुन्यांमागे १६० नवे नमुने बेतायचे. चांगल्या फोनमध्ये हे कानाला जाणवत नाही. टाळायचंच असेल तर बाहेरच्या यूएसबी डॅकशी थेट बोलणारं प्लेअर अ‍ॅप घ्या आणि त्यात 'बिट परफेक्ट', म्हणजे आकडे न बदलता पुढे पाठवण्याचा पर्याय चालू करा.

आता अ‍ॅम्प. हेडफोनच्या कागदावर दोन आकडे असतात, इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीला किती मोठा आवाज, ती डेसिबलमध्ये. समजा हेडफोन ३०० ओहमचा आहे आणि एका मिलिवॅटला ९७ डेसिबल देतो. संगीतातल्या उंच जागा ११० डेसिबलपर्यंत जातील असं धरलं, तर लागतात २० मिलिवॅट, म्हणजे सुमारे अडीच व्होल्ट. एक व्होल्ट देणारं छोटं डोंगल, म्हणजे फोनला लावायचा डॅक आणि अ‍ॅम्प एकत्र असलेला तुकडा, तिथे १०२वरच थांबतं. याउलट ३२ ओहमचा, १०० डेसिबल देणारा हेडफोन ०.६ व्होल्टपेक्षा कमीत तिथवर पोचतो. त्याला वेगळा अ‍ॅम्प घेण्याची गरजच नाही. मधली फसवी जात म्हणजे प्लॅनर, सपाट पातळ पडद्याचे हेडफोन. ओहम कमी, पण सेन्सिटिव्हिटीही कमी. ३२ ओहम आणि ९० डेसिबल असेल तर १०० मिलिवॅट लागतात, त्याला १.८ व्होल्ट आणि ५६ मिलिअँपिअर करंट. इथे छोटी डोंगलं करंटला कमी पडतात आणि जोरातला तबला चेपल्यासारखा वाजतो.

कानात घालायच्या नाजूक इअरफोनचं दुखणं वेगळं. अ‍ॅम्पचा स्वतःचाही इम्पिडन्स असतो, त्याला आउटपुट इम्पिडन्स म्हणतात. तो हेडफोनच्या आठव्या भागाहून कमी हवा. आठव्या भागाहून कमी. कारण बऱ्याच इअरफोनचा इम्पिडन्स प्रत्येक सुराला सारखा नसतो, कुठे १० ओहम, कुठे ४०. अ‍ॅम्पचे १० ओहम असतील तर या दोन जागांमध्ये ४ डेसिबलचा फरक पडतो. तोच अ‍ॅम्प १ ओहमचा असेल तर फरक जेमतेम ०.६. लोक ज्याला अ‍ॅम्पचा 'स्वभाव' म्हणतात, तो पुष्कळदा एवढाच असतो. केबलच्या स्वभावावर मात्र माझा विश्वास नाही. धड, नीट डाख दिलेली साधी केबल पुरते.

गाणं थांबल्यावरही बारीक खरखर ऐकू येत असेल तर गेनचं, म्हणजे आवाज किती पटीनं वाढवायचा त्याचं, बटण 'लो'वर आणा. फोनचा आवाज पूर्ण वर ठेवा आणि कमीजास्त करायचं ते अ‍ॅम्पवरच करा. पण हे सगळं करा इअरफोन कानातून काढून. डोंगल पहिल्यांदा जोडताना आवाज तळाशी हवा, कारण तो एकदम उसळू शकतो. ऐकताना चार्जर लावला की गुणगुण सुरू होते का? दोष डॅकचा नाही, चार्जरकडून येणाऱ्या ग्राउंडचा आहे. चार्जर काढा, गुणगुण जाईल. जोडूनही डॅक फोनला दिसत नसेल तर केबल बदला, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. आणि फोनमधली हेडफोनची खाच काढून टाकली ती काढायला नको होती, असं माझं आजही ठाम मत आहे.

दोन अ‍ॅम्प ताडून बघायचे तर आधी दोघांचा आवाज सारखा करा. एक डेसिबल जास्त असलेला कानाला 'चांगला' वाटतो, कुणाच्याही. १,००० हर्ट्झचा सूर लावा, हेडफोन जोडलेला असतानाच मल्टिमीटर एसी व्होल्टवर धरा आणि दोन्हीकडे आकडा १ टक्क्याच्या आत जुळवा. इतका बारीक आकडा साधा मीटर १,०००ला धड दाखवत नसेल तर ४०० हर्ट्झचा सूर घ्या. मग कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा. आणि बेस गायब वाटला तर अ‍ॅम्पकडे बघण्याआधी इअरफोनची रबरी टोपी एक माप मोठी लावून बघा. कानाच्या कडेनं हवा निसटत असेल, तर कुठलाही अ‍ॅम्प तो बेस परत आणू शकत नाही.